शब्दसंग्रह आणि वरुणराजा

मा. संपादक,
स. न.

‘शब्दसंग्रह वाढवा, लेखन आपोआप सुधारेल’ असा सल्ला आपल्या विद्यार्थी पुरवणीत वाचला. माझा जन्म मराठी शिकवण्यात गेला, आणि निबंधस्पर्धांचे गठ्ठे अजूनही तपासायला घरी येतात. त्यामुळे त्यातल्या ‘आपोआप’ला माझी हरकत आहे.

‘पावसाळा’ हा विषय दिला की गठ्ठाभर वरुणराजाचे आगमन होते, वसुंधरा हिरवा शालू परिधान करते आणि बळीराजा सुखावतो. शब्द भारी, शुद्धलेखनही बरे. चिपळूणच्या मुलाने २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरलेले पाहिलेले असते. माण तालुक्यातल्या मुलीने टँकरपाशी होणारी भांडणे ऐकलेली असतात. कागदावर दोघांचा पाऊस एकच, गाइडातला! मुलांकडे शब्द कमी आहेत म्हणून असे होत नाही. शब्द आयते मिळाल्यामुळे पाहिलेले आठवायची गरजच उरत नाही. वर असल्या वाक्यांना गुणही मिळतात, मग पोरे तरी दुसरे काय लिहिणार?

लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळाली नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, म्हणजे कवी ना. वा. टिळकांकडून. तरीही १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा आज वाचताना कुठे अडखळायला होत नाही. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, टिळकांचा लहरी स्वभाव, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, हे सगळे त्यांनी घरात बोलायच्या मराठीत सांगितले आहे. रडू येईल अशा जागी त्या हळूच हसवतात, आणि प्रसंग संपला की तिथेच थांबतात. विशेषणांची फार गरज त्यांना पडत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. त्यातले किती लक्ष्मीबाईंना ठाऊक होते, हा प्रश्न त्यांचे पुस्तक वाचताना मनात येत नाही.

याचा अर्थ शब्द नकोत असा नाही. शेत, सुतारकाम, स्वयंपाक यांतले नेमके शब्द माहीत नसले की माणूस ‘ते हे’ आणि ‘तसं काहीतरी’ यावर वेळ मारून नेतो. वाचनाने शब्द वाढतात तेव्हा त्यांच्यासोबत वाक्यही येते. कुठला शब्द कुणाच्या तोंडी शोभतो, तेही कळते. यादी पाठ करून यातले काही हाती लागत नाही. ‘मदत केली’ हे पुरेसे असताना ‘मदतीचा हात पुढे केला’ लिहिणाऱ्या मुलाला शब्द येतात, निवडता येत नाहीत. खोडणे तर आपण शिकवतच नाही. खाडाखोड दिसली की उलट गुण कापतो.

मोठ्यांची तऱ्हा वेगळी नाही. सरकारी पत्रात ‘कळवतो’ लिहायला कुणी धजत नाही, ‘आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते’ असे लिहिले की पत्र वजनदार वाटते. आणि रागावू नका, पण अपघाताच्या बातमीत आपल्याकडेही मृत्यू नेहमी ‘दुर्दैवी’च असतो. सुदैवी मृत्यूची बातमी अजून माझ्या वाचनात आली नाही.

म्हणून एक विनंती. पुरवणीत ‘आजचे दहा शब्द’ जरूर छापा, पण आठवड्यातून एकदा एखाद्या विद्यार्थ्याचा परिच्छेद, नाव न देता, मूळ रूपात छापा आणि शेजारी उपसंपादकाने हात फिरवलेला तोच परिच्छेद द्या. काय खोडले, कोणते वाक्य पुढे घेतले आणि का, हे दोन ओळींत सांगा. हे काम आपल्या कचेरीत रोज रात्री चालते, मुलांना मात्र ते कधी पाहायला मिळत नाही.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा