भिंतीपासून चार बोटे

महोदय,

मी फोंड्याचा सुतार. वडिलांच्या हाताखाली रंधा धरला त्याला 30 वर्षे झाली. गेल्या पावसाळ्याआधी पणजीच्या फोंताइनास भागात, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर, कपड्यांच्या दुकानाचे काम आले. दुकान ‘मिनिमल’ हवे होते : पांढऱ्या भिंती, मोजकी मांडणी. मला ते पटलेच. पण नकाशात कोरीव लाकडी छताखाली जिप्समचे दुसरे छत होते, आणि शिंपल्यांच्या दोन्ही खिडक्या काढून तिथे काच होती.

चपटा, पातळ शिंपला लाकडी पट्ट्यांच्या खाचेत बसवलेला असतो. दुपारचे कडक ऊन त्यातून दुधाळ होऊन आत येते. तसा मऊ उजेड कुठल्याच दिव्याचा मी पाहिलेला नाही. हा शिंपला आज वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. एकदा खिडकी मोडली की नवा आणणार कुठून?

मी मालकिणीला म्हटले, बाई, छत झाकले तर वर वाळवी लागलेली कळणारही नाही. चिऱ्याची भिंत ओल पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून सोडते. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आतच कोंडते, पापुद्रे सुटतात. त्यांनी ऐकले. एक लांब सागवानी टेबल आणि लोखंडी दांड्यांच्या दोन मांडण्या केल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या, भिंतीपासून चार बोटे सोडून. भिंतीत एकही स्क्रू नाही. दुकान हवे होते तितकेच साधे झाले.

आर्किटेक्चर शिकणाऱ्या भाच्याने नंतर इटलीचे वास्तुकार कार्लो स्कार्पा यांची कामे दाखवली. व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या जुन्या कमानींमागे त्यांनी 1957-58 मध्ये ऑलिव्हेत्ती टाइपरायटरचे दुकान केले. व्हेरोनाच्या कास्तेलवेक्क्यो किल्ल्यात तर नवी फरशी भिंतीला भिडूच दिली नाही, मध्ये फट ठेवली. माझीच चार बोटे! फार बरे वाटले.

जुन्या घरांच्या बाहेरच्या रंगाची चर्चा पुष्कळ होते. दुकानाला परवाना देताना आत काय झाकणार, काय उखडणार, हेही महापालिकेने विचारावे आणि काम सुरू होण्याआधी फोटो घ्यावेत, ही विनंती. आणि ज्यांना शिंपल्यांच्या खिडक्या काढायच्याच आहेत, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. चौकटीसकट माळ्यावर ठेवाव्यात. दुसऱ्या कुणाच्या खिडकीतला फुटलेला शिंपला त्यातून बदलता येतो.

— एक सुतार, फोंडा