विगनचा बिली: मित्रास पत्र

विगन, इंग्लंड
दि. 20 जुलै 2025

प्रिय बापू यास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळाले. गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली हे वाचून जिवात जीव आला. पत्राच्या शेवटी, "तुमच्या गावातल्या कुठल्याशा रग्बीवाल्याला 'सर' केले म्हणे, तो कोण?" असे तू सहज विचारले आहेस. त्याचे उत्तर फोनवर मावणारे नाही, म्हणून आज रविवारची सकाळ त्यासाठी राखून ठेवली. तो म्हणजे बिली बॉस्टन. येत्या 6 ऑगस्टला त्याला 91 वर्षे पूर्ण होतील. पण या गावात लहानथोर सगळे त्याला नुसते 'बिली' म्हणतात, म्हणून मीही एकेरीतच लिहितो. आपण सचिनला कुठे अहोजाहो करतो?

आधी खेळाविषयी थोडे सांगावे लागेल, कारण दूरदर्शनवर तू पाहतोस ती पंधरा जणांची रग्बी वेगळी आणि ही तेरा जणांची 'रग्बी लीग' वेगळी. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. भांडण कशावरून, तर खाड्यावरून. गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या खेळाडूचा सामन्यासाठी खाडा पडला, तर त्या दिवसाची मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना मात्र खेळासाठी पैसे घेणे हेच मुळी अशिष्ट वाटत होते. ज्याला कबड्डीच्या जोरावर गिरणीत चिकटायला मिळाले, त्या तुला यातले मर्म मी काय समजावणार? या फुटीनंतर असा दंडक पडला की, पंधराच्या खेळातला जो कोणी लीगचे पैसे घेईल, त्याला त्या खेळाचे दार कायमचे बंद. हा दंडक शंभर वर्षे टिकला, आणि बिलीच्या आयुष्याला वळण लागले तेही त्यामुळेच.

खेळ पाहताना मला नेहमी कबड्डीतला तुझा डावा कोपरा आठवतो. तू चवडा धरलास की चढाईवाला बाद आणि विषय संपला. इथे मात्र पकड झालेला खेळाडू उठून उभा राहतो, चेंडू टाचेने मागे सारतो आणि त्याच्या संघाची चाल पुढे चालू राहते. आता अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिपक्षाला द्यावा लागतो, पण बिलीच्या भराच्या काळात तशी काही मर्यादाच नव्हती. समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' झाला. त्या काळी त्याचे तीन गुण मिळत, आता चार मिळतात.

बिलीचा जन्म 1934 चा, वेल्समधल्या कार्डिफ बंदराजवळच्या टायगर बे या वस्तीतला. कोळसा भरून नेणाऱ्या जहाजांवर येमेन, सोमालिया, पश्चिम आफ्रिका अशा कुठून कुठून खलाशी येत आणि त्यातले कित्येक इथेच संसार थाटत. बिलीचे वडील सिएरा लिओनचे खलाशी, आई आयरिश वंशाची, आणि अकरा भावंडांत हा सहावा. त्याचे स्वप्न पंधराच्या खेळातले होते: आधी कार्डिफ क्लबकडून खेळायचे आणि मग वेल्सचा लाल सदरा अंगावर चढवायचा. तो वस्तीतल्या क्लबकडून खेळला, नीथसारख्या नावाजलेल्या क्लबकडूनही खेळला, पण घरापासून मैलभरावर असलेल्या कार्डिफ क्लबचे बोलावणे काही आले नाही. वेल्सच्या त्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू 1980 च्या दशकात आला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मग आला 13 मार्च 1953 चा दिवस, तोही शुक्रवार. इकडे तेरा तारखेचा शुक्रवार अगदी अशुभ मानतात, आपल्याकडे अमावास्या मानतात तसा. बिली तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत सिग्नल्स दलात होता आणि लष्करी स्पर्धांत त्याने धुमाकूळ घातला होता. विगन क्लबची माणसे त्याच्या घरी आली आणि त्यांनी टेबलावर एक हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. आई मोठी धोरणी. मुलाचे मन जाण्याचे नाही हे ओळखून, पाहुण्यांना वाटेला लावण्यासाठी ती म्हणाली की तीन हजार देत असाल तर तो सही करील. एवढी रक्कम कोण कशाला देईल, असा तिचा हिशेब होता. पाहुण्यांनी मात्र तीन हजार मोजून ठेवले. दिलेला शब्द फिरवणे त्या घरात बसत नव्हते. बिलीने सही केली आणि नंतर तो रडला, हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. मला त्या खोलीचे चित्र सारखे डोळ्यांसमोर येते: टेबलावर नोटांचा ढीग, आणि ज्याच्या नावाने तो मांडला त्या अठरा वर्षांच्या पोराला त्यातले काहीच नको आहे.

लष्करातून सुटण्याआधी बातमी फुटू नये म्हणून हा करार काही महिने गुप्त ठेवला गेला. त्याच शरदात तो प्रथम विगनच्या दुय्यम संघातून उतरला, तेव्हा एरवी ज्या सामन्याला कुत्रे फिरकत नाही त्याला आठ हजारांहून अधिक लोक लोटले. मुख्य संघाकडून जेमतेम सहा सामने झाले होते, तोच 1954 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या संघात त्याची निवड झाली. एकोणीस वर्षांच्या या पोराने त्या दौऱ्यात 18 सामन्यांत 36 ट्राय केले, त्यातले चार ऑकलंडच्या एकाच कसोटीत.

आकडे तुला आवडतात, म्हणून एक लक्षात ठेव: विगनसाठी 488 सामने आणि 478 ट्राय. एकूण कारकिर्दीत 571. ब्रिटनमध्ये त्याच्या पुढे एकच माणूस आहे, वॉरिंग्टनकडून खेळलेला ऑस्ट्रेलियन ब्रायन बेव्हन. बेव्हन काटकुळा आणि टक्कल पडलेला, पाहणाऱ्याला कारकून वाटावा असा. बिली उलट बैलासारखा भरदार, आणि तरीही वाऱ्यासारखा पळणारा. माझे शेजारी आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. लहानपणी मैदानावर गर्दी झाली की मोठी माणसे पोरांना डोक्यांवरून हातोहात पुढे कठड्यापर्यंत पोहोचवीत, तसे पोहोचून त्यांनी बिलीला पाहिले. ते सांगतात की उजव्या कडेने बिली चेंडू घेऊन निघाला की आधी गर्दी शांत होई. समोरच्याला चुकवून जाण्याइतका चपळपणा त्याच्याकडे होताच, पण पुष्कळदा तो चुकवायच्या भानगडीत न पडता खांदा पाडून सरळ त्याच्या अंगावरूनच जात असे. हे सांगताना शेजारीबुवा स्वतःचा डावा खांदा पुढे काढतात, आणि त्यांच्या पत्नी चहाचे कप बाजूला सरकवतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लांबले ती सांगतो. 1957 साली ऑस्ट्रेलियात विश्वचषक झाला. परतताना ब्रिटन आणि फ्रान्स हे दोन संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळणार होते. तिथे वर्णभेदाचे राज्य होते. संघ तिकडे गेला आणि बिली एकटा घरी परतला. वाचताना मला आपले दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांची आठवण झाली. गोलंदाजी त्यांची हवी होती, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. आणि एवढा थोर गोलंदाज असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. बिलीने या गोष्टीचा गवगवा केला नाही. इथले काही लोक त्याला मनाचा मोठेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. बोलण्याची सोय नसलेल्या माणसाच्या गप्प राहण्याला मोठेपणा म्हटले, की बाकीच्यांची सुटका फार स्वस्तात होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर तीन वेळा चॅलेंज कप ही लीगची मानाची स्पर्धा, 1960 चा विश्वचषक, 1968 साली विगनचा निरोप, त्यानंतर ब्लॅकपूलकडून थोडेफार सामने, आणि मग जुन्या मैदानाच्या जवळच 'ग्रिफिन' नावाचे मद्यालय. ज्याच्यासाठी हजारो लोक ओरडले तो माणूस तिथे त्याच लोकांचे पेले भरत उभा असे. सेंट्रल पार्क हे ते मैदान 1999 नंतर पाडले गेले आणि आता तिथे भले मोठे सुपरमार्केट आहे. मी दर शनिवारी तिथूनच तांदूळ आणि कांदे आणतो. एकदा शेजारीबुवांना सोबत नेले, तर ते पावाच्या फडताळापाशी थबकले, डोळे किलकिले करून अंदाज घेतला आणि म्हणाले, "कोपऱ्यातले निशाण साधारण इथे."

सन्मान झाले, पण सगळे उशिरा. विगनच्या चौकात 2016 साली त्याचा पुतळा उभा राहिला, आणि त्याच वर्षी त्याला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले. ज्या कार्डिफने त्याला दार उघडले नाही, तिथे जुलै 2023 मध्ये बंदराच्या काठी त्याच परिसरातून पुढे आलेल्या तिघा लीग खेळाडूंचा एकत्र पुतळा बसला: गस रिस्मन, क्लाइव्ह सलिव्हन आणि बिली. सलिव्हनने 1972 साली ब्रिटनचे कर्णधारपद भूषवून विश्वचषक जिंकला होता. त्या अनावरणाच्या वेळी तिघांपैकी एकटा बिली हयात होता, आणि तो तिथे हजर राहिला. आता जूनमध्ये 'सर' झाला. 1895 पासून 130 वर्षांत लीगच्या एकाही खेळाडूला हा किताब मिळाला नव्हता. पंधराच्या खेळातले किती झाले ते मोजत बसत नाही. बातमी आली तेव्हा शेजारीबुवा आनंदाने उठून उभे राहिले, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत, "त्याला कळले असेल ना रे?" असे त्यांनी मला दोनदा विचारले.

गुडघा चालता झाला की इकडे ये. पुतळा आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, आणि पावाचे फडताळही दाखवीन. येताना वहिनींच्या हातचे मेतकूट आणि तुझा तो 'चवडा' पकडीचा जुना फोटो आण. शेजारीबुवांना तो दाखवायचे मी कबूल केले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ