प्रोटॉनचा झोत कुठे थांबतो, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅन्सरवरच्या प्रोटॉन उपचारांच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं : निरोगी भागाला धक्का न लावता फक्त गाठ जाळली जाते. ते वाचून नातेवाईक निर्धास्त होतात. चेन्नईला २०१९ पासून आणि खारघरला २०२३ पासून ही सोय झाल्यामुळे नाशिकहून जाणारे पेशंट आता वाढतील, म्हणून हे पत्र.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. कुणी माप सांगितलं की टॉलरन्स किती, म्हणजे किती फरक चालेल, हा माझा पहिला प्रश्न. माझ्या मेव्हण्यावर नाकामागच्या पोकळीतल्या गाठीसाठी प्रोटॉन उपचार झाले, तेव्हा तिथल्या मेडिकल फिजिसिस्ट (किरणांचा हिशेब आखणाऱ्या भौतिकतज्ज्ञ) मॅडमना मी तेच विचारलं. त्यांनी वेळ काढून समजावलं.

नेहमीच्या शेकातले (रेडिएशनमधले) एक्स-रे शरीरातून आरपार जातात. प्रोटॉनचा सगळ्यात जोरदार मारा वाटेच्या अगदी शेवटी होतो आणि तो तिथेच थांबतो. ७० एमईव्हीचा (हे ऊर्जेचं माप) प्रोटॉन पाण्यात साधारण ४ सेंटिमीटर जातो, २३० चा साधारण ३३. पण माणूस म्हणजे पाणी नव्हे. वाटेत हाड किती, हवा किती, यावर थांबण्याची जागा ठरते. हा हिशेब सीटी स्कॅनवरून करतात, आणि सीटी काढतात एक्स-रेने. त्यावरून प्रोटॉन किती अडेल याचा अंदाज बांधताना थोडी चूक राहतेच. ती गृहीत धरून अनेक केंद्रं, झोत जितका खोल जायचा त्याच्या साधारण साडेतीन टक्के आणि वर एखाद-दोन मिलिमीटर, एवढी जास्तीची जागा गाठीच्या पुढे धरतात. १० सेंटिमीटर खोलीवर हे साडेचार ते साडेपाच मिलिमीटर होतात. डोळ्याची नस तिथेच शेजारी असते, आणि इथे कारखान्यासारखी जॉब (तयार केलेला भाग) कापून माप तपासायची सोय नाही.

त्यात शरीर रोज बदलतं. काही आठवड्यांनी मेव्हण्याचा सीटी पुन्हा काढायला सांगितला. घरात कुरकूर झाली, बिल वाढवायला काढतायत म्हणून. मॅडमनी दोन्ही स्कॅन स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावले. पहिल्यात नाकामागची पोकळी गाठीने आणि शेंबडाने भरून करडी दिसत होती. दुसऱ्यात गाठ आकसलेली, आणि त्या जागी काळी हवा. उपचार लागू पडत होते, ही आनंदाचीच गोष्ट. पण जिथे एक सेंटिमीटर भरीव होतं तिथे हवा आली, की झोत जवळजवळ तेवढाच पुढे, मेंदूच्या दिशेने सरकतो. प्लॅन नव्याने केला, मगच उपचार पुढे सुरू झाले. तो खर्च मला एकाही रुपयाने जड वाटला नाही.

झोत कुठे थांबला हे पेशंट टेबलावर असतानाच बघायच्या पद्धतीही आहेत. प्रोटॉन शरीरातल्या अणूंवर आदळले की लगेच गॅमा किरण बाहेर पडतात, ते खास कॅमेऱ्याने टिपता येतात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी असा कॅमेरा प्रत्यक्ष पेशंटवर वापरल्याचा शोधनिबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. उपचारानंतर पेट (PET) स्कॅन, म्हणजे शरीरातला किरणोत्सर्ग टिपणारा स्कॅन, करूनही अंदाज घेता येतो, पण तो लगबगीने करावा लागतो, कारण शरीरात तयार झालेला किरणोत्सर्गी ऑक्सिजन दर दोन मिनिटांनी निम्मा होतो. ही साधनं अजून सगळीकडे नाहीत. तोवर पुन्हा काढलेला सीटी हाच मोठा आधार.

म्हणून आपल्याला विनंती, की या उपचाराची पुढची बातमी देताना एखाद्या मेडिकल फिजिसिस्टलाही बोलतं करा. डॉक्टरांचं कौतुक होतं, ही मंडळी मागेच राहतात. विमा कंपन्यांनी आणि सरकारी योजनांनी पुन्हा लागणारा स्कॅन आणि प्लॅन मूळ पॅकेजमध्येच धरावा, त्यासाठी नातेवाइकांना वेगळी धावाधाव करायला लावू नये. आणि कसारा घाट उतरून उपचाराला जाणाऱ्या घरांना माझं कळकळीचं सांगणं : पेशंटचं वजन उतरलं, सर्दीने नाक चोंदलं किंवा एकदम मोकळं झालं, डोकं हलू नये म्हणून तोंडावर बसवतात तो मास्क सैल वाटला, तर टेबलावर झोपण्याआधी टेक्निशियनला सांगा, आणि पुढचा सीटी कधी आहे तेही विचारून घ्या.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर,
सिडको, नाशिक