घड्याळवाल्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

दिवाळीनंतर मी आजोबांचा कॅनन पी कॅमेरा घेऊन महाद्वार रोडलगतच्या बोळातील आपल्या दुकानात आलो, तेव्हा ‘आम्ही घड्याळे करतो, कॅमेरे नव्हे’ असे म्हणून आपण मला सहज वाटेला लावू शकला असता. तसे केले नाहीत, म्हणून हे पत्र. आणि ते जाहीर अशासाठी, की असे रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून अंतर मोजणारे कॅमेरे, कोल्हापुरात अजून काही कपाटांत पडून असतील.

1959 साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याला 39 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची लेन्स लागते. जपानच्या कोसिना कंपनीने 1999 पासून व्होईग्टलेंडर या जुन्या नावाने त्याच आट्यांच्या नव्या लेन्स काढल्या. त्यांतली 35 मिलिमीटर नाभीय अंतराची एक मी हौसेने घेतली. ती चपखल बसली, पण पहिल्या रोलमध्ये जवळून काढलेला प्रत्येक चेहरा धूसर आणि मागची भिंत मात्र स्वच्छ आली. एका दुकानदाराने लेन्सला नावे ठेवली आणि कॅमेरा शोकेसमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला.

आपण आधी खात्री करून घेतलीत. मागचे झाकण उघडून, शटर ‘बी’वर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत उघडे, धरून, फिल्मच्या जागी दुधी काचेची पट्टी खरखरीत बाजू लेन्सकडे करून टेकवलीत आणि बरोबर एक मीटरवर टांगलेल्या कॅलेंडरचे आकडे डोळ्याच्या भिंगातून वाचलेत. लेन्सवरचा आकडा खरा निघाला. चुकत होते ते मोजमाप. या कॅमेऱ्यात डोळा लेन्समधून पाहतच नाही. लेन्सची मागची कड आतल्या दांडीला ढकलते, तशी व्ह्यूफाइंडरमधली, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतली, दुसरी प्रतिमा सरकते आणि दोन्ही एकजीव झाल्या की अंतर जुळले असे समजायचे. ती दांडीच वर्षानुवर्षांत किंचित हलली होती. मग गच्चीवर जाऊन, जोतिबाच्या डोंगराकडील एका दूरच्या टॉवरवर नजर ठेवून, आपण एक स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरवलात. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथे एका स्क्रूचे एवढे कौतुक कशाला, असे आपण म्हणाल. पण तो स्क्रू कोणता, हे मला ठाऊक नव्हते.

शटरच्या धातूच्या पडद्यावरील सुरकुत्यांची मला धास्ती होती. ‘सदऱ्याला इस्त्री नसली म्हणून तो फाटका ठरत नाही,’ एवढेच आपण म्हणालात.

आता पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातो. आत आरसा नसल्याने बटण दाबतानाही समोरचे दृश्य क्षणभर झाकले जात नाही, शिवाय चौकटीबाहेरून आत येणारी म्हैस आधीच दिसते. समोर उघडा दिवा असला, तरी नव्या लेन्सच्या लेपामुळे काळ्या पाठीचा काळेपणा फिका पडत नाही. आजोबांच्या मूळ लेन्समध्ये तिथे पांढुरकी झाक उतरत असे. चष्म्यामुळे व्ह्यूफाइंडरमधली 35 मिलिमीटरच्या चौकटीची कडेची रेघ शोधावी लागते, हा त्रास मात्र खरा.

आपण मजुरीचे पैसे घेतले नाहीत, म्हणून दुरुस्तीनंतरची पहिलीच चौकट छापून सोबत ठेवली आहे. एका मीटरवरून घेतलेल्या या छायाचित्रात आपल्या भिंगाची कड आणि भुवईचा एक पांढरा केस सुटा मोजता येतो.

आपला कृतज्ञ,
कॅनन पीवाला