आधी थायरॉइड, मग आयव्हीएफ

विश्रामबाग, सांगली

चि. सौ. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे रिपोर्ट पाहिले. थायरॉइडला चालना देणारे टीएसएच जवळजवळ शून्यावर, थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक टी-४ वाढलेले आणि टीएसएच रिसेप्टरच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह, म्हणजे डॉक्टर म्हणतात तसा हा ग्रेव्हजचाच आजार दिसतो; यात शरीराच्याच अँटीबॉडी थायरॉइडला गरजेपेक्षा जास्त काम करायला लावतात. गणपतीत आरतीचे ताट धरताना तुझा हात का थरथरत होता, याचाही उलगडा झाला. मात्र केसांसाठी तू बायोटिनच्या गोळ्या घेत असशील, तर डॉक्टरांना आवर्जून सांग. त्यांच्यामुळे काही लॅबमध्ये नेमके असेच खोटे रिपोर्ट येऊ शकतात, आणि त्यासाठी तपासणीआधी निदान २ दिवस त्या बंद ठेवाव्या लागतात.

पुढची पाळी आली की आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, सुरू करायचे तुम्ही ठरवले आहे. पण औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेल्या तुझ्या आईचे मत विचारशील, तर आत्ता थांबावे. थायरॉइड चढलेले असताना गर्भ राहिला, तर गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. त्यातच अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढून थायरॉइडचे गणित आणखी हलते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, औषधाचा डोस न बदलता किमान १ महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या नॉर्मल आल्यावरच गर्भधारणेचा विचार करावा.

गोळ्यांविषयी मला सर्वांत जास्त काळजी आहे. तुला दिलेली कार्बिमाझोल थायरॉइड चांगली आटोक्यात आणते, परंतु गर्भाचे अवयव घडत असताना, विशेषतः ६ ते १० आठवड्यांत, तिच्यामुळे बाळात जन्मजात दोष राहू शकतात. म्हणून त्या काळासाठी पीटीयू ही थायरॉइड आटोक्यात ठेवणारी दुसरी गोळी देतात. तिचा यकृतावर क्वचित गंभीर परिणाम होतो, तरी तेव्हा तीच पसंत करतात. आयव्हीएफमध्ये गर्भ गर्भाशयात सोडण्याची तारीख आधीच ठरते, त्यामुळे हा बदल वेळेवर करता येतो. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नकोस. रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन देऊन थायरॉइड निकामी करण्याचा, पर्याय निघाला, तर त्यानंतर किमान ६ महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि अँटीबॉडी पुष्कळ काळ चढलेल्या राहून वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतात, हेही विचारून घे.

थायरॉइडचे आणि आयव्हीएफचे डॉक्टर एकमेकांशी प्रत्यक्ष बोलले पाहिजेत, एवढा आग्रह धर. तुझ्या सासूबाई मायेपोटी विचारतात. उशिराचे कारण सांगणे तुला जड जात असेल, तर मी त्यांना फोन करते.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई