दादा, तुम्ही आधी मुलांचं विचारलंत

प्रिय दादा,

शाळेच्या लॅबचे कॉम्प्युटर लावून दिलेत म्हणून फोनवर 'थँक्यू' म्हटलं, पण तेवढ्यानं मन भरलं नाही. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे.

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये १८ मशीन. प्रत्येकावर विंडोज आणि उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) दोन्ही हवं होतं. कार्यालयाला विंडोजची सवय, आणि मुलांना मला उबुंटू शिकवायचं होतं. तुमच्या आधी आलेल्या माणसानं आगाऊ पैसे घेतले आणि न विचारता सहा मशीन फॉरमॅट केली. उबुंटू आधी टाकून त्यावर विंडोज चढवलं, मग चालू केल्यावर उबुंटू दिसेचना. "मशीनच जुनी आहेत" म्हणून तो निघून गेला. सातवीच्या मुलांचं वर्षभराचं काम त्या सहा मशीनवर होतं. विचारलं तर म्हणाला, "पोरांचं काय एवढं असणार?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही आलात, बॅग खाली ठेवलीत आणि पहिलंच विचारलंत, "बाई, यांच्यावर मुलांचं काही आहे का?"

इमेज, म्हणजे एका मशीनच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, दुसऱ्यावर चढवली की त्या डिस्कवरचं आधीचं सगळं जातं, हे तुम्ही मला समजावलंत. मग उरलेल्या बाराही मशीनसमोर एकेक करून बसलात आणि स्वतःच्या हार्ड डिस्कवर फोल्डर केलेत, 'बेंच ७', 'बेंच ८' असे. एका डेस्कटॉपवर नुसते 'न्यू फोल्डर' नावाचे चौदा फोल्डर होते. मी म्हटलं, राहू द्या, रिकामेच असतील. तुम्ही चौदाही उघडलेत. अकराव्यात पेंटमध्ये काढलेलं एक घर निघालं. लाल कौलं, बिनरंगाचं दार, खाली 'आजी'. तुम्ही थोडा वेळ ते बघत राहिलात आणि मग कॉपी केलंत.

पुढचं काम तुमच्या हातातलंच होतं. मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर बसत नाही, म्हणून सगळ्यात लहान डिस्कचं मशीन शोधून तेच मास्टर, म्हणजे ज्याची नक्कल बाकीच्यांवर चढवायची ते, केलंत. उबुंटूतून परत आलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडत होतं. तेही इमेज घेण्याआधीच दुरुस्त केलंत, नाहीतर अठराही मशीनवर तीच चूक उतरली असती. आणि इमेज घ्यायचं आणि चढवायचं सॉफ्टवेअर, क्लोनझिला, फुकट मिळतं, हे तुम्ही आपणहून सांगितलंत. दुसऱ्या कुणी त्याचेही पैसे लावले असते.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात, दादा. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारी फार थोडी.

'आजी' काढणारी मुलगी आता आठवीत आहे. चित्र उघडून दिलं तेव्हा म्हणाली, "बाई, दार अजून रंगवायचं राहिलंय." आणि तिथेच बसून रंगवलं.

तुमची हार्ड डिस्क माझ्या कपाटात आहे. न्यायला याल तेव्हा जेवूनच जा.

तुमची,
लॅबच्या बाई