फोर-व्हील ड्राइव्ह : चढाचा हिशेब आणि उताराचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरासाठी गाडी घेताना ‘फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावी का?’ असं विचारलं की बहुधा एकच उत्तर मिळतं: घ्या, सुरक्षित असते. हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि जे अर्धं सांगायचं राहतं, तिथेच धोका आहे.

इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चारही चाकांना, एवढाच टू-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्हमधला फरक. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. म्हणजे गाडी जागची हलवायला, चढ चढायला आणि ओल्या वळणातून वेग घेत बाहेर पडायला चार चाकांचा उपयोग होतो. थांबायला होत नाही. उलट गाडी जड असल्याने टायर आणि ब्रेकवरचं काम थोडं वाढतंच.

हे आकड्यांत मांडलं तर जास्त स्पष्ट होतं. पुढची चाकं चालवणारी १५०० किलोची गाडी घ्या. साधारण ६० टक्के, म्हणजे ९०० किलो भार पुढच्या चाकांवर. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर किंवा ओल्या चिकणमातीवर घर्षण गुणांक (टायरच्या पकडीचं माप) ०.२ धरला (कोरड्या डांबरावर तो ०.८च्या आसपास असतो) तर त्या चाकांना १८० किलोचा जोर लावता येतो. त्यातला सुमारे ३० किलो नुसतं घरंगळत राहायला जातो. उरलेल्या १५० किलोत गाडी १० टक्के चढ चढेल, म्हणजे १०० मीटरला १० मीटर. चारही चाकं चालवली तर जोर ३०० किलो आणि चढ १८ टक्के. फरक मोठा आहे, यात वाद नाही. पाच माणसं बसली, डिकी भरली की मागचा भार वाढतो, पुढच्या चाकांचा वाटा घटतो आणि चढावर तो आणखी मागे सरकतो. म्हणून भरलेल्या गाडीत हा फरक अधिकच जाणवतो. मागची चाकं चालवणाऱ्या गाडीला मात्र हाच भार उपयोगी पडतो.

आता तीच गाडी उतारावर आणा. गुणांक ०.२ असलेल्या सपाट रस्त्यावर ३० किमी वेगाने जाणारी गाडी सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. १५ टक्के उतारावर तिला ७० मीटर लागतात, कारण टायरची जवळजवळ सगळी पकड गाडीला खाली ओढणारं वजन पेलण्यातच खर्च होते. टू-व्हील ड्राइव्ह गाडी हा १५ टक्के चढ चढलीच नसती, चालकाने खालूनच परत फिरवली असती. फोर-व्हील ड्राइव्ह आपल्याला अशा जागी नेऊन ठेवते जिथून उतरताना आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त काहीही नसतं. उतारावर वेग धरून ठेवणारी यंत्रणा, म्हणजे हिल डिसेंट कंट्रोल, हीसुद्धा ब्रेकच वापरते, तीही त्याच चार टायरांच्या जोरावर. लो रेंज (चाकं सावकाश पण जास्त जोराने फिरवणारा जादा गिअर) असलेल्या गाडीत इंजिनाचा वेग रोखणारा जोर चारही चाकांना सारखा मिळतो आणि उतरणं खूप सावकाश, आटोक्यात होतं, हा खरा फायदा आहे. पण एकूण पकड तिनेही वाढत नाही.

पकड वाढते ती टायरने. त्याच रस्त्यावर योग्य टायरमुळे गुणांक ०.३ झाला, तर आपली पुढची चाकं चालवणारी गाडी १० ऐवजी १६ टक्के चढ चढते, म्हणजे साध्या टायरवरच्या फोर-व्हील ड्राइव्हच्या जवळपास पोहोचते. आणि १५ टक्के उतारावर थांबायचं अंतर ७० मीटरवरून २४ मीटरवर येतं. हे काम कुठलाही गिअरबॉक्स करू शकत नाही. म्हणून खर्चाला मर्यादा असेल तर आधी टायर, मग चौथं चाक.

टायर निवडताना काय पाहायचं? तापमान ७ अंशांखाली राहत असेल तर साध्या टायरचं रबर कडक होतं, तिथे थंडीचे टायर हवेत. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तर तो बर्फावर तपासलेला आहे. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेल्याची तशी चाचणी झालेली असेलच असं नाही. चिखलासाठी रुंद खाचांचे टायर चालतात, पण ते डांबरावर आवाज करतात आणि ओल्या डांबरावर साध्या टायरइतके चांगले थांबत नाहीत. नक्षीची खोली अनेक देशांत कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालते. पावसात आणि बर्फात मात्र ३-४ मिमीच्या खाली गेली की पकड झपाट्याने उतरते. टकले टायर घालून फोर-व्हील ड्राइव्हवर विसंबणं हा सगळ्यात वाईट सौदा.

फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायचीच ठरली, तर कुठली, हे पाहावं लागतं, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. जुन्या पद्धतीच्या पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे चालकाने लिव्हरने हवी तेव्हाच फोर-व्हील घालायची अशा गाडीत, ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट एकमेकांना जोडते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात, आणि हा फरक सामावून घ्यायला मध्ये डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) नसतं. सैल मातीवर चाकं थोडी घसरतात आणि हिशेब आपोआप जुळतो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग शाफ्ट पिळले जातात, स्टीअरिंग जड होतं, टायर घासतात आणि लिव्हर फोर-व्हीलमधून सुटत नाही. तसं झालं तर गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यायची, ताण सुटतो. अशा गाडीत कोरड्या रस्त्यावर टू-व्हीलच ठेवायची. म्हणजे घरची जी गाडी जवळजवळ कायम डांबरावर धावते, तिच्यात ही यंत्रणा बहुतेक वेळ नुसतं ओझं असते. लो रेंजमध्ये चाकांवरचा जोर दोन ते चार पट होतो, तो खडकाळ चढासाठी किंवा जड ट्रेलर ओढण्यासाठी. ज्यांना यांपैकी काहीच करायचं नाही, त्यांनी ही गाडी नुसत्या रुबाबासाठी घेऊ नये.

फुल-टाइम यंत्रणेत मध्ये डिफरेन्शियल असतं, ती कुठल्याही रस्त्यावर चालते. सध्याच्या बहुतेक कौटुंबिक गाड्यांत तिसरा प्रकार असतो: गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते आणि ती घसरू लागली किंवा घसरतील असा अंदाज आला, की अनेक चकत्यांचा क्लच मागच्या चाकांना ताकद देतो. ओला चढ, बर्फाळलेली गल्ली, चिखलाचं मैदान यांना हे पुरतं. खोल वाळूत मात्र हा क्लच सतत घसरून तापतो, दिवा लागतो आणि गाडी थंड होईपर्यंत टू-व्हील ड्राइव्ह होऊन बसते. वाळूत जायचंच तर हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची, वेग कमी ठेवायचा आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची.

(गिअरशेजारी चिखल, वाळू, बर्फाची चित्रं असलेलं गोल बटण दिसलं म्हणजे गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे असं समजू नये. टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांतही ते असतं. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीत वाकून मागच्या चाकांमध्ये डिफरेन्शियलचा गोळा आहे का ते पाहा; मागची चाकं चालवणाऱ्या गाडीत तो मागे असतोच, तिथे पुढच्या चाकांमध्ये पाहा. बॅटरीवरच्या गाडीत तो शोधू नका, तिथे पुढे-मागे दोन वेगळ्या मोटरी आहेत का ते विचारा.)

आणखी एक गैरसमज. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणून एक चाक हवेत फिरू लागलं की जोडीदारालाही जवळजवळ काही मिळत नाही. पुढचं एक आणि मागचं तिरक्या कोपऱ्यातलं एक, अशी दोन चाकं सुटली की फोर-व्हील ड्राइव्हसुद्धा जागच्या जागी उभी राहते. सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवणारं ट्रॅक्शन कंट्रोल किंवा लॉक होणारं डिफरेन्शियल असेल तरच ती निघते. आणि पोट जमिनीला टेकलं तर चारही चाकं निरुपयोगी. खराब रस्त्यावर अनेकदा हवी असते ती जमिनीपासूनची उंची. तीही गाडी भरलेली असतानाची, कारण माणसं बसली की ती कमी होते.

देखभालीत टायर सगळ्यात जास्त छळतात. चारही टायरांचा घेर सारखा नसेल तर मधला क्लच किंवा डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं आणि अकाली झिजतं. त्यामुळे एक टायर फाटला की दोन, कधी चारही बदलावे लागतात. टायरची अदलाबदल वेळेवर करा. मागच्या डिफरेन्शियलचं, ट्रान्सफर केसचं आणि क्लचचं तेल वेगवेगळं असतं. वेळापत्रकात त्याची नोंद असूनही सर्व्हिसिंगमध्ये ते सर्रास राहून जातं. वापरलेली गाडी घेताना कोरड्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. मागून धक्के किंवा थरथर जाणवली तर तेल जुनं, टायर विजोड किंवा क्लच संपलेला. गाडी पार्ट-टाइम असेल तर ही चाचणी टू-व्हीलमध्येच घ्या, आणि फोर-व्हील सैल जमिनीवर घालून-काढून पाहा. बंद पडलेली फोर-व्हील ड्राइव्ह दोन चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नका, सपाट ट्रेलरवरच न्यावी.

वाहनविषयक पानांवर शून्य ते शंभर किती सेकंदांत हा आकडा ठळक छापला जातो. त्याच चौकटीत चार गोष्टी छापाव्यात, ही आमची विनंती आहे: यंत्रणा यांपैकी कुठल्या प्रकारची, गाडीसोबत टायर कुठल्या हंगामाचे येतात, भरलेल्या गाडीची जमिनीपासूनची उंची किती आणि स्टेपनी पूर्ण मापाची आहे की बारीक.

आपले,
वाहन अभियांत्रिकीतले काही वाचक